मुलाखतीचे मार्क पेन्सिलीने का भरतात?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत शिक्षक आणि प्राध्यापक भरतीवर एक लेख आला होता. त्यात लेखकाचं म्हणणं असं की कागदांना आणि लेखी परीक्षेला आपण उगाच डोक्यावर घेतलंय, मुलाखतीचे मार्क वाढवा, कारण समोर बसवून चार प्रश्न विचारले की माणूस कळतो. मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं निवड समितीत बसायची वेळ बऱ्याचदा आली, आणि अगदी मनापासून सांगते, नाही कळत हो. कळल्यासारखं वाटतं. आणि ते वाटणं इतकं पक्कं असतं की त्या खोलीत कुणी शंका काढली तर शंका काढणाराच वेडा ठरतो.

एक प्रसंग सांगते. कॉलेजचं नाव घेत नाही, माणसं सगळी भली होती आणि त्यात मीही होतीच. एका जागेसाठी शेवटी दोघंच उरले. एकाचे रिसर्च पेपर खरोखर चांगले, पण बोलताना अडखळायचा, नजर सगळी टेबलावर. दुसऱ्याचे पेपर नावापुरते, पण बोलायला असा की आम्ही चौघंही खुर्चीत पुढे सरकून ऐकत बसलो. आता सकाळी अर्ज चाळताना आमच्या अध्यक्षांनीच सांगितलं होतं की डिपार्टमेंटला या वेळी रिसर्चवाला माणूस हवाय. दुपारी तेच म्हणाले, अहो रिसर्च काय, होत राहतो, आधी मुलांसमोर उभं राहता आलं पाहिजे. मी मान डोलावली. दोन वर्षांनी परत तीच खोली, जवळजवळ तीच माणसं, फक्त या वेळी सुंदर शिकवणारी एक बाई होती आणि पेपरवाला एक तरुण, आणि आम्ही एकमताने ठरवलं की शिकवणं काय, येतं हळूहळू, रिसर्चची ओढ मात्र मुळात असावी लागते. मी तेव्हाही मान डोलावली. त्या रात्री झोपताना लक्षात आलं की दोन्ही वेळा मी जे बोलले ते मला तेव्हा शंभर टक्के खरं वाटत होतं.

आता त्या मार्कांच्या शीटबद्दल. त्यावर कप्पे असतात, विषयज्ञान, अध्यापन कौशल्य, संशोधन, व्यक्तिमत्त्व, आणि शेवटी एकूण. बाहेरच्या माणसाला वाटेल की आम्ही डावीकडून उजवीकडे भरत जातो. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बहुतेक वेळा शीट उजवीकडून डावीकडे भरली गेली. आधी चर्चा, चर्चेत 'हा बरा वाटला' हे ठरतं, मग त्याला ८२ आणि दुसऱ्याला ७६ द्यायचे असं ठरतं, आणि मग ८२ येतील असे कप्पे भरायचे. म्हणून पेन्सिल. शेवटी बेरीज जुळली की वरून पेनाने गिरवायचं. मुलाखती संपल्यावर त्या टेबलावर खोडरबराचा जो भुगा पडलेला असायचा ना, तो शिपाई हाताने गोळा करून टाकायचा, आणि मला दरवेळी वाटायचं की खरी निवड प्रक्रिया ती होती, ती चालली कचऱ्यात.

रिटायर झाल्यावर वेळच वेळ, म्हणून या विषयावरचं संशोधन वाचायला लागले, आणि २००५ सालचा एक पेपर वाचताना कान लाल झाले. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या दोघांचा. त्यांनी लोकांना पोलीस प्रमुखाच्या पदासाठीचे उमेदवार तपासायला दिले. एका प्रकारचा उमेदवार रस्त्यावरचा, दणकट, अवघड वस्त्यांत काम केलेला. दुसऱ्या प्रकारचा शिकलेला, ऑफिस सांभाळणारा, पत्रकारांशी नीट बोलणारा. याच माहितीवर कधी पुरुषाचं नाव टाकलं, कधी बाईचं. झालं असं की पुरुष शिकलेला असला की लोकांना या पदासाठी शिक्षण फार महत्त्वाचं वाटायचं, आणि तो शिकलेला नसला की शिक्षणाचं महत्त्व आपोआप उतरायचं. बाई दणकट नाही किंवा बाई हुशार नाही असं कुणीच म्हणत नव्हतं हं, तिचे गुण सगळे मान्य, फक्त नेमके तेच गुण त्या दिवशी कामाचे नसायचे! स्त्री-अभ्यास विषयाच्या प्राध्यापकाची जागा दिली तेव्हा हेच उलटं झालं, तिथे निकष बाईच्या बाजूने सरकले. म्हणजे आमची ती खोलीच जणू त्यांनी प्रयोगशाळेत मांडली होती. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट पुढे आहे, उमेदवार पुरुष की बाई हे कळायच्या आधी लोकांकडून निकष ठरवून घेतले तेव्हा तो भेदभाव नाहीसा झाला. माझं हे सगळं पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे, बाकीचं म्हणजे मनातलं बाहेर काढणं समजा.

मुलाखतीकडे येते. १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका मेडिकल कॉलेजात मजेशीर गोष्ट घडली. मुलाखती घेऊन, क्रमवारी लावून १५० जणांचे प्रवेश झाले, आणि नंतर सरकारने अचानक ५० जागा वाढवल्या. तोवर चांगले म्हणवले गेलेले बाकीचे सगळे दुसरीकडे निघून गेले होते, त्यामुळे यादीच्या तळातले, नाकारलेले विद्यार्थी घ्यावे लागले. पुढे दोन्ही गटांची कामगिरी तपासली तर सांगण्यासारखा फरकच नाही. नाकारलेले म्हणून जे होते ते बहुतांश मुलाखतीत नाकारलेले होते. ते विद्यार्थी होते, शिक्षक नव्हते, मान्य, पण खुर्चीत बसणारे आमच्यासारखेच अनुभवी लोक होते ना.

याहून भारी प्रयोग २०१३ चा आहे, जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनियल पीटरसन या तिघांचा. त्यात मुलाखत घेणाऱ्याने समोरच्या विद्यार्थ्याशी बोलून त्याचे पुढचे मार्क किती येतील याचा अंदाज करायचा. काही मुलाखतींत समोरच्याला गुपचूप सांगून ठेवलं होतं की खरी उत्तरं देऊ नकोस, प्रश्नाच्या शब्दांवरून ठरणाऱ्या एका नियमाने हो किंवा नाही म्हणत जा, म्हणजे नाणं उडवून उत्तर दिल्यासारखंच. विचारणाऱ्यांना पत्ताच लागला नाही. त्या निरर्थक उत्तरांमधूनही त्यांना माणूस 'कळला'. आणि नुसते जुने मार्क बघून केलेला अंदाज मुलाखतीनंतर केलेल्या अंदाजापेक्षा बरा निघाला, म्हणजे मुलाखतीने भर तर सोडाच, होतं ते बिघडवलं. आपलं डोकं गोष्ट जुळवण्यात फार पटाईत आहे, समोरचा काहीही बोलो.

यावर कुणी म्हणेल की चांगला शिक्षक पहिल्या मिनिटात ओळखू येतो, आणि त्यासाठी त्यांच्या हातात एक संशोधनही आहे. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथल यांनी १९९३ मधे दाखवलं की शिकवतानाचे ३० सेकंदांचे मूक व्हिडिओ बघून अनोळखी लोकांनी दिलेलं मत आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी त्याच शिक्षकाला दिलेला फीडबॅक खूपसा जुळतो. मीही हे स्टाफरूममधे कितीदा ठासून सांगितलंय. पण जरा थांबून बघा, जुळतं कशाशी? विद्यार्थ्यांच्या आवडीशी. मुलं शिकली किती याच्याशी नाही. २०१७ मधे बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून परत तपासले तेव्हा फीडबॅकचे आकडे आणि प्रत्यक्ष शिकणं यांचा जवळपास संबंधच सापडला नाही. मग त्या ३० सेकंदांनी सिद्ध काय केलं, तर पहिल्या नजरेत आवडलेला माणूस सत्र संपेपर्यंत आवडतच राहतो, एवढंच.

निवडणुकीत तर विचारूच नका. अलेक्झांडर टोडोरोव्ह यांचा २००५ चा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, अमेरिकेतल्या सिनेटच्या उमेदवारांच्या फोटोंच्या जोड्या लोकांना दाखवायच्या आणि विचारायचं यातला कार्यक्षम कोण वाटतो, बास. ७० टक्क्यांहून थोड्या जास्त लढतींत तोच जिंकलेला होता. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात हे धरा, तरी एक सेकंदाच्या नजरेला हे फार झालं. पण मला जास्त हलवलं ते २००९ च्या अँटोनाकिस आणि डाल्गास यांच्या कामाने. त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या ५ ते १३ वर्षांच्या पोरांना विचारलं, तुम्हाला लांबच्या समुद्रप्रवासाला जायचंय, या दोन फोटोंतला कॅप्टन कोण करशील? फोटो होते फ्रान्सच्या संसदेच्या निवडणुकीतल्या उमेदवारांचे. पोरांनी ७१ टक्के वेळा जिंकलेला माणूस उचलला, आणि मोठ्यांचा आकडाही तेवढाच. डोळ्यासमोर आणा, पाय हवेत लोंबकळणारं पाच वर्षांचं लेकरू बोट ठेवतंय, आणि तिकडे जाहीरनामे वाचून, वाद घालून मतदान करून आलेली लोकशाही, उत्तर बरंचसं एकच. मतपत्रिकेवर ज्याचं नाव सगळ्यात वर त्याला थोडी मतं फुकट मिळतात हेही अनेकदा दिसलंय, म्हणून तर कॅलिफोर्नियात १९७५ पासून उमेदवारांची नावं कुठल्या अक्षरक्रमाने लावायची हे चिठ्ठ्या काढून ठरवतात. हा एक सोपा, जवळजवळ बिनखर्चाचा उपाय, पण तो सुचायला आधी मान्य करावं लागलं की मतदारही आपल्यासारखाच माणूस आहे.

आता बाई-पुरुष हा मुद्दा निघाला की आमच्या ग्रुपवर भांडणं होतात, म्हणून दोन्ही बाजू सांगते. २०१२ मधे अमेरिकेतल्या १२७ विज्ञानाच्या प्राध्यापकांना लॅब मॅनेजरचा एकच अर्ज दिला, काहींना जॉन नावाने, काहींना जेनिफर. जेनिफर कमी लायक ठरली आणि तिला देऊ केलेला पगार जवळजवळ ३,७०० डॉलरने कमी, आणि हे करण्यात बायका प्राध्यापकही मागे नव्हत्या. तीनच वर्षांनी वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांनी ८०० हून जास्त प्राध्यापकांना पुढे कायम होता येईल अशा प्राध्यापकपदाचे काल्पनिक उमेदवार दिले तर निकाल बरोब्बर उलटा, तितक्याच गुणी बाईला दोनास एक पसंती. फ्रान्समधे शिक्षकांच्या स्पर्धा परीक्षांचा अभ्यास झाला, तिथे लेखी पेपर नाव झाकून तपासतात आणि तोंडी परीक्षा समोरासमोर, त्यामुळे तुलना आयतीच मिळते. गणित, फिजिक्स अशा पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या विषयांत तोंडीला बायकांना झुकतं माप आणि भाषा-साहित्यात पुरुषांना. म्हणजे पारडं नेहमी एकाच बाजूला झुकतं असं नाही, आमचे एक सर हे वाचून मला चिडवतात की बघा मॅडम, तुमचं रडगाणं संपलं. मी म्हणते सर, तोंडीला माप झुकतं एवढं तर तुम्हीही कबूल केलंत ना, कुणाकडे ते जाऊ द्या.

आणि ओळखीचं काय? स्वीडनच्या क्रिस्टीन वेनेरास आणि अॅग्नेस वोल्ड या दोघींनी तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या फेलोशिपचे मार्क मागितले, कौन्सिल देईना, शेवटी कोर्टाने १९९५ मधे सांगितलं की ही सरकारी कागदपत्रं आहेत, द्या. ११४ अर्ज, निवडले २०, त्यात बायका ४. १९९७ मधे 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं की पुरुषाइतके मार्क मिळवायला बाईचं काम सुमारे अडीचपट असावं लागत होतं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पेपरात दुसरी गोष्ट आहे जी कमी लोक वाचतात, समितीतल्या कुणाशी ओळख असलेल्या उमेदवारालाही मार्क जास्त पडत होते. बरं, ओळखीच्या सदस्याने त्या उमेदवाराला मार्क द्यायचे नाहीत असा नियम होता आणि तो पाळलाही जात होता, तरी! बाकीचे सदस्यच भरपाई करत होते. मला हे वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही. 'माझा विद्यार्थी आहे, मी बाहेर थांबतो' म्हणून खोलीबाहेर गेलेला माणूस खोलीत सगळ्यात जास्त हजर असतो. स्पेनमधे काही वर्षं प्राध्यापकांच्या निवडीचे परीक्षक लॉटरीने ठरायचे, तिथेही जवळच्या ओळखीचा परीक्षक चिठ्ठीत निघाला की निवडीची शक्यता निम्म्याने वाढायची.

एक कबुली. मला समितीत बऱ्याचदा का घेतलं हे मला माहीत होतं, एक बाई हवी असा नियम होता. मलाही वाटायचं की मी असल्याने बायकांना न्याय मिळेल. इटली आणि स्पेनमधल्या लाखभर अर्जांचा अभ्यास २०१७ मधे आला, समितीत बायका वाढल्या म्हणून बाई उमेदवारांची निवड वाढत नाही, उलट बाई समितीत आली की पुरुष सदस्य बाई उमेदवारांबाबत जरा कडकच होतात. आपण आहे ना एक बाई बसवलेली, असं काहीतरी मनात होत असेल. माझ्या त्या दोन वेळच्या मान डोलावण्याकडे बघितलं तर मला वाद घालता येत नाही.

पण काहीच करता येत नाही असंही नाही. पश्चिम बंगालमधे पंचायतींत प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, बायकांना राखीव ठेवल्यावर संशोधकांनी गावकऱ्यांना एकच भाषण कधी पुरुषाच्या, कधी बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे कधी बाई प्रधान झालीच नव्हती तिथल्या पुरुषांना बाईचं भाषण कमी दर्जाचं वाटलं, जिथे लोकांनी बाईचा कारभार पाहिला होता तिथे हा फरक जवळजवळ मिटला होता. भाषण तेच बरं का, शब्दही तेच. आणि शिक्षकांचं म्हणाल तर वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी शाळांच्या भरतीत उमेदवारांचे कॉलेजचे मार्क, चाळणी परीक्षा आणि डेमो लेक्चर यांवरून पुढे कोण चांगलं शिकवेल याचा बराच अंदाज येत होता, पण नेमणुका करताना या आकड्यांकडे फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं. माहिती हातात होती हो! मग निवड कशावर झाली असेल हे मी तरी सांगायला नको.

तुमच्या लेखकाला मुलाखत पाहिजेच असेल तर असू दे, पण मग सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि कुठल्या गुणाला किती मार्क हे अर्जांची पाकिटं उघडायच्या आधी लिहून, सही करून ठेवा. डेमो लेक्चर खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर. आणि मार्क पेनाने. राजकीय पक्षांना हे सांगायला गेलं तर हसतील, तिकीट देताना 'निवडून येण्याची क्षमता' असा एक शब्द त्यांच्याकडे आहे ज्यात काहीही बसतं, पण तीही आधी लिहून दाखवा म्हणायला काय हरकत आहे, निदान प्रत्येक मतदारसंघात तिचा अर्थ वेगळा निघतो हे तरी दिसेल.

असं केलेलं मी एकदाच पाहिलं. अध्यक्ष म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या, स्वभावाने खडूस. त्यांनी सकाळीच निकष लिहून घेतले, पेन्सिली गोळा करून खिडकीत ठेवल्या, आणि प्रत्येक उमेदवार बाहेर गेला की लगेच शीट भरून घडी घालून डब्यात टाकायची, शेवटचा उमेदवार जाईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. आम्ही सगळे वैतागलो होतो, एक सर तर उघड म्हणाले की आम्ही काय शाळकरी पोरं आहोत का. संध्याकाळी डबा उघडला, बेरीज केली, वीस मिनिटांत काम संपलं. निवडला गेला तो मुलगा मला मुलाखतीत मुळीच आवडला नव्हता. माझ्या शीटवर मात्र त्याला सगळ्यात जास्त मार्क होते, माझ्याच अक्षरात, पेनाने.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका